मोटारी का थांबल्या?

मंगळवार, दिवेलागण

गावच्या ग्रुपवर नाना मास्तर रोज प्रश्न टाकतात, आजच्या दिवशी इतिहासात काय घडलं. एरवी राजे, लढाया. आज आलं, 'आजच्या दिवशी गावातल्या पाण्याच्या मोटारी का थांबल्या?' सोपं आहे. गावात कुणी गेलं की आपण मोटारी बंद ठेवतो. मी लिहिलं, 'मयत.' पण कुणाची? आठवेचना, म्हणून मास्तरांना फोन लावला.

"सूनबाई, आजचा प्रश्न मी अजून टाकलाच न्हाई."

खिडकीतून मोटारींची घरघर येत होती. आपलीही. हे कांद्याला पाणी द्यायला गेलेत, फोन उचलत नाहीत. लिहितालिहिता वरच्या मळ्यातली मोटर थांबली. मग शेजारची. सगळं शिवार गप्प होत चाललंय.

आपली तेवढी चालूच आहे. हे बंद का करत नाहीत?