घासाचं पाणी आणि गणिताचा पेपर

२ एप्रिल
या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची. गुरांच्या घासाला पाणी सोडून बांधावर मोबाईलवर लेक्चर. इंटिग्रेशन. आर्ट्सची बारावी झाली, लग्न झालं, आता इंजिनिअरिंगला जायचंय म्हणून गणित-फिजिक्स घेऊन ओपन स्कूलमधून घरबसल्या परत बारावी! गणित राहिलं की सगळंच ओमफस. पेपर १७ ला, शिरूरला.

४ एप्रिल
दारं धरायचा वैताग. दर वाफा भरला की उठा, खोरं मारून पाणी पुढच्यात वळवा. म्हणून वाफ्याची लांबी-रुंदी, पाण्याचा वेग धरून भरायला किती मिनिटं ते काढलं. मोबाईलला गजर. तिन्ही वाफे बरोब्बर! स्वतःवर जाम खूश. सासऱ्यांना सांगितलं. आबा: "पाण्याला घड्याळ कळतं व्हय?"

६ एप्रिल
मेले. उंदराचं बीळ! सगळं पाणी बांधाखालून शेजारच्या आप्पांच्या रानात, त्यांच्या काढून ठेवलेल्या कांद्यात. मी कानात हेडफोन घालून गजराची वाट बघतेय. गणित बरोबर होतं, बीळ धरलं नव्हतं.
आबा: "बास झाला आभ्यास. पानी धरायचं तर पानीच धरायचं." फोन मीच त्यांच्यापुढं ठेवला. खूप रडले. हे सेकंड शिफ्टला, सांगणार कुणाला.

७ एप्रिल
दिवसभर आप्पांचा कांदा पसरवला, भिजलेला वेगळा काढला. आबाही होते. आप्पा सकाळी फणफणलेले, चहाला बसल्यावर म्हणतात, "इंजिनेर बाई, पानी झालं, आता खतबी टाका." हसू आलं. आबा नाही हसले.

११ एप्रिल
फोन चार्जिंगला लावलेला दिसला. आबांनीच. घेतला. लेक्चर घरात बसूनच, रानात नाही.

१६ एप्रिल
उद्या पेपर. लाईट परत दिवसाची आणि घासाच्या पाण्याची पाळी उद्याच! ह्यांना सुट्टी नाही. आबांचा गुडघा सुजलाय. विचारायची हिंमत होत नाही. हॉल तिकीट पिशवीत घातलंय, उगीच...

१७ एप्रिल
उठले तर खोरं जागेवर नाही. आबा रानात. दारात आप्पा गाडी घेऊन: "चला सूनबाई, शिरूरला सोडतो. आबाचा निरोप हाय."
पेपर बरा. टाकी भरायचं गणित आलंच! एक गणित सोडवायचं राहिलं. पास होईन का, देव जाणे.
आले तर आबा ओट्यावर, पाय पाण्यानं पांढरेफटक, गुडघ्याला फडकं. पेपरचं विचारलंच नाही. "फिजिक्सचा कवा हाय? लाईट कवाची ते बघून ठेव."
बघितलं. २४ ला. घासाची पाळी परत तेव्हाच, आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची. आबांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर पेपरआधी माझी झोप मोडू नये म्हणून तसल्या गुडघ्यानं अंधारातही तेच जातील.