खिसे तपासायचं काम

सोमवार, ३ तारीख
आज मी नोकरीला लागले! वही तपासताना हसू नकोस गं भिंगरे. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं आठ, एका जागी ठरेल तर शपथ. तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं तिनं मला दिली आणि रोज पाच ओळी लिहायच्या असं बजावलं. मी दुसरीतच शाळा सोडलेली, तेव्हा आता तीच माझी मास्तरीण.

तर नोकरी. कारखान्याच्या दारावर पाटी होती, सोपं काम, अनुभव नसला तरी चालेल. कारकुनानं विचारलं, अनुभव किती? म्हटलं, चौसष्ट वर्षं. तो म्हणाला, कामाचा हो आजी. म्हटलं, मग लिहा शून्य.

कपडे धुण्याचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावरून पत्र्याच्या घसरगुंडीवरून गाठोडी खाली येतात. मी खिसे तपासायचे, निघेल ते डब्यात टाकायचं, कपडा पुढे सरकवायचा. बस, एवढंच! मला निळा डगला दिलाय, पण त्याला एकही खिसा नाही. मुकादमीणबाईंनी दोनदा सांगितलं, इथला दोरासुद्धा घरी न्यायचा नाही. मी म्हटलं, मी काय चिमणी आहे घरटं बांधायला? त्या हसल्या नाहीत. असतात एकेक माणसं.

बुधवार, ५
आज निघालं ते: काडेपेटी, बसची तिकिटं, एका कोटात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. तुटकं बटण दिसलं की माझे हात शिवशिवतात, सुई तर कायम पोलक्याला टोचलेली असतेच, पण इथं टाका घालायचा नाही म्हणे. इस्त्रीवाला वीस वर्षं इथंच आहे. मला आजी म्हणतो, स्वतःला नातवंडं असून. कपडे कुणाचे असं विचारलं, तर नुसती इस्त्री फिरवत राहिला.

घरी बसवत नाही म्हणून धरली नोकरी. लेक दोन वर्षांमागं परगावी कामाला गेली. सहा महिने फोन यायचा. मग तोही थांबला. भिंगरी विचारते, आई कधी येणार? मी म्हणते, येईल. आणि दिवसभर माझेच कान दाराशी.

शुक्रवार, ७
आज पिवळा फ्रॉक आला. काखेत लाल दोऱ्याचे टाके. पांढरा दोरा संपला होता म्हणून मीच घातलेले, लेक पाच वर्षांची असताना. पण तो फ्रॉक तर विरून विरून त्याचं फडकं झालं होतं, माझ्याच हातानं ओटा पुसून फेकलेलं.

वास घेतला. तोच. मग पुढे सरकवला. घाबरले का? नाही. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मंगळवार, ११
काल शाळेचा झगा, शाईच्या डागासकट. आज मी विणलेला स्वेटर, ज्याची एक बाही लांब झाली म्हणून ती महिनाभर रुसली होती. लेक रोज थोडी मोठी होऊन येते. शेजारीण म्हणते, आजी कामाला जातात की लग्नाला? मी पळतच जाते.

भिंगरीला सांगितलं नाही. सगळी मोठी झाली की एकदम सांगेन.

गुरुवार, १३
करडा कोट. घर सोडताना अंगावर होता तो. हिरवी बटणं मीच लावून दिली होती. खिशात भिंगरीनं काढलेलं चित्र, चार घड्या घातलेलं. कोट ओलाचिंब आहे, गाळाचा वास येतो. कुठं पावसात सापडली असेल. एवढंच असेल.

मी एक बटण तोडलं. खिसा नाही, म्हणून गालात धरलं, गोळीसारखं. मुकादमीणबाईंना नुसती मान हलवून बाहेर पडले. घरी आल्यावर भिंगरीच्या ठिपक्यांच्या फ्रॉकला शिवलं, गळ्याशी. आईचं काहीतरी लेकराच्या अंगावर असावं.

शुक्रवार, १४, जेवायच्या सुट्टीत
आज लेकीचं काहीच आलं नाही. इस्त्रीवाल्याला धरून विचारलं. त्यानं इस्त्री उभी केली आणि म्हणाला, "आजी, हे कपडे ज्यांचे, ते परत घालायला येत नाहीत."

मला कळलं होतं. कोट बघितला तेव्हाच.

मग मी बटणाचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. इथली वस्तू बाहेर जाऊन ज्याच्या अंगावर चढते, त्याचं गाठोडं खाली येतं म्हणतो. आणि भिंगरी आज तोच फ्रॉक घालून शाळेत—

दुपार
आला. ठिपक्यांचा. सकाळी मीच तिच्या डोक्यातून घातला. हिरवं बटण, माझीच गाठ. अजून ओला नाही. काखेत ऊब आहे—

दातानं दोरा तोडला. बटण हातात. इस्त्रीवाला म्हणतो डब्यात टाकून भागत नाही, एकदा बाहेर गेलं की कुणाच्या तरी अंगावर राहावं लागतं—

मग माझ्या. पोलक्याला. सुई आहेच.

एक टाका. फ्रॉक विरळ होतोय. दुसरा— टेबल दिसायला लागलं त्यातून— जातोय. जा बाळा, जा तुझ्या अंगावर.

वही बाहेरची आहे, ती जाऊ देतील. इस्त्रीवाला आणून देईल. भिंगरे, शेजारच्या काकूंकडे थांब. आई येणार नाही गं. मी खोटं सांगत होते. मलाच ऐकायचं होतं ते.

पाच ओळी झाल्यात का मोज.

पत्र्यावरून काहीतरी घसरत— माझंच पोलकं— गाठ तेवढी मारायची राह