घोंगडीवाली

जत, मंगळवार, नोव्हेंबर १९४५

त्या अमेरिकन चित्रकाराचा राग अजून जात नाही. पलटणीतली ओळख, म्हणून मीच त्याला घरी आणलं. आई घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होती, दुपारभर बसून त्यानं तिचं चित्र काढलं. कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं, चांगलं ठळक. आणि खाली काय, तर नुसतं ‘घोंगडीवाली’! तिला नाव नाही? स्वतःसाठी बरा कोपरा सापडला!

आईला अक्षर येत नाही. तिनं चित्रावर बोट ठेवून विचारलं, “माजं नाव लिवलंय न्हवं रं?”

“व्हय,” म्हणालो.

जाण्याआधी त्यानं मला तिचं नाव विचारलं होतं. परक्यापुढं आईचं नाव कसं घ्यायचं? घोंगडीवाली लिही, असं मीच सांगितलं.