मनूची शिट्टी

८ डिसेंबर, सोमवार
ऑफिस. येताना शाळेवरून आलो. मैदानात मुलींचं लेझीम चालू होतं. पुढे मनू, तोंडात शिट्टी. सुनंदा गेल्यापासून पोरीला इतक्या जोरात काही करताना पाहिलं नव्हतं. गेटबाहेरच थांबलो. पाटील सर म्हणाले, शनिवारी धुळ्याला स्पर्धा, कॅप्टन तुमचीच.
घरी अक्काला सांगितलं नाही.

९ डिसें., मंगळ
अक्काला कळलंच. शेजारून.
"आईचं वरीस झालं नाही अजून, अन् पोरगी फेटा बांधून नाचीन? लोकं काय म्हनतीन, भाऊ?"
मी जेवत राहिलो. मनू ताट सोडून उठली.
अक्का माझी सख्खी मोठी बहीण. सुनंदाच्या तेराव्याला आली, ती पहूरचं घर बंद करून इथेच राहिली. घर तिच्यावर चाललंय. तिच्यापुढे बोलायची मला सवय नाही.

११, गुरु
शिट्टी सापडत नाही. मनूने दप्तर, गादी, कपाट, सगळं उलटंपालटं केलं. सरांनी दिलेली, स्टीलची. सर सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "कॅप्टन, धुळ्याला काय तोंडाने वाजवणार?" पोरी हसल्या. अश्विनी म्हणाली, "सर, आम्ही कुकर नेतो!" हे सांगताना मनूही हसली. मग बाथरूममध्ये जाऊन बसली.
अक्का गहू निवडत होती. मान वर केली नाही.

१२, शुक्र
सकाळी चहा ठेवला. साखर संपलेली, म्हणून खालचे डबे उघडले. उडदाच्या डाळीत शिट्टी. दोरीसकट.
डबा बंद करून होता तिथे ठेवला.
ऑफिसात कशात लक्ष नाही. द्यावी तर अक्काला चोर ठरवल्यासारखं. न द्यावी तर...
संध्याकाळी अक्काला एवढंच म्हणालो, मनूला जाऊ दे.
"मी कोन अडवनारी? घर तुझं, पोर तुझी. उद्या मले बी गाडीत बसवून दे. पहूरले जाते."
बऱ्याच वेळाने, भांडी लावता लावता, "सुनंदानं मले मायसारखं मानलं. तिच्यासाठी एक वरीस गप बसवत नाही तुम्हाले?" पदर डोळ्यांना.
मनू आतून ऐकत होती.

१३, शनि
सकाळी शिट्टी काढली, धुतली, मनूच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली. मागे वळलो तर अक्का ओट्याशी. तिने पाहिलं.
शाळेची बस स्टँडसमोरून निघणार होती. मनू तयार, फेटा हातात. अक्का पिशवी घेऊन दारात.
"मले आधी सोड. पहूरची गाडी निघून जाईन."
स्कूटर एक. दोघी एकदम बसत नाहीत. मनू पायरीवर उभी, माझ्याकडे बघत.
म्हणालो, "अक्का, मनूला सोडून येतो."
उतरल्यावर मनूने डबा ठेवायला कप्पा उघडला, शिट्टी दिसली. गळ्यात घातली. कुठे सापडली, विचारलं नाही. "पप्पा, अक्का आता..." तेवढ्यात पोरींनी बसमधून कल्ला केला, "ए कॅप्टन, कुकर आणला का?" ती पळाली.
घरी आलो तर कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे. म्हणाल्या, रिक्षाने गेल्या, तुमची वाट नाही पाहिली.
तिचं दुसरं लुगडं दोरीवरच आहे. चष्म्याचं घर खिडकीत. विसरली, की मुद्दाम ठेवलं, कळत नाही. दुपारपासून फोन लावतोय, उचलत नाही. मनूच्या सरांचाही लागत नाही. मैदानात असतील.

अंधार पडला. दोन्हीकडून काही नाही.
अक्काने काल बाजारातून भरिताचं वांगं आणून ठेवलेलं. हिरवं, मोठं, तिघांना पुरेल असं. सुरीने टोचलं, तेलाचा हात लावला, गॅसवर ठेवलं. देठाला धरून फिरवत उभा राहिलो.