पूल हलतो आणि अकादमीची भूमिका

३ तारीख, मंगळवार
राष्ट्रीय अभियांत्रिकी विज्ञान अकादमीची नेमकी भूमिका काय, यावर एक पान लिहायला उपसमिती नेमली. निमंत्रक मी. देशाला निःपक्ष सल्ला द्यायला कोणीतरी हवंच. पंधरा दिवसांत हातावेगळं करायचं. निश्चय पक्का.

५ तारीख
बायको म्हणाली, कालव्यावरचा पूल हलतो, माझ्या वर्गातली मुलं कठडा धरून येतात, तुम्ही जरा बघून या. म्हटलं, लेखी विचारणेशिवाय अकादमी मत देत नाही. म्हणाली, मी अकादमीला नाही, नवऱ्याला विचारतेय. संस्था म्हणजे काय हे हिला पंचवीस वर्षांत समजावता आलेलं नाही.

९ तारीख
बैठक. चार तास. ‘सल्ला’ लिहायचं की ‘मार्गदर्शन’, यावर गाडी अडली. माजी अध्यक्ष हट्टाला पेटले. डोकं उठलं नुसतं.

१२ तारीख
टपालात पुलाबद्दल रीतसर अर्ज. अक्षर बायकोचं. घरचं माणूस म्हणून झुकतं माप देणार नाही. शेरा मारला: ‘भूमिका निश्चित झाल्यावर सादर करावे.’ तटस्थपणा म्हणतात तो हा.

१६ तारीख
अकादमीचं उत्तर घरी पोचलं. खाली माझी सही. जेवताना बायकोने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. वाईट वाटलं. उद्या पूल बघायचाच.

१७ तारीख
जमलं नाही. मसुदा पाचवा.

१९ तारीख, रात्री ९
पूल दोरी बांधून बंद. बायकोने कोपऱ्यावरच्या वेल्डरला नेलं होतं. तो खाली उतरला आणि आठ बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवले. आठवडाभरही टिकला नसता म्हणे. दोरी त्यानेच बांधली, कोणालाही न विचारता. त्याला अधिकार काय? दिवसभर चिडचिड. वर्गात तीस मुलं आहेत, हे मधूनच आठवतं.

२४ तारीख, संध्याकाळ
टिपण एकमताने मंजूर. पहिलं वाक्य माझं: ‘कोणी विचारण्याआधी धोका ओळखून सांगणे, हीच अकादमीची भूमिका.’ टाळ्या पडल्या. घरी येऊन बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने हातानेच थांबा म्हटलं. फोनवर विचारत होती, तुम्ही आठही बोल्ट नवे बसवलेत ना, उद्यापासून मुलांना पुलावरून सोडू ना. उत्तर ऐकून हसली, फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर नाव अजून दिसत होतं: ‘इंजिनिअर’.

बरं वाटलं, माझा नंबर या नावाने ठेवलाय तर. मग लक्षात आलं, माझा फोन तर खिशात गप्प पडलाय.