ठिपक्यांचे झाड आणि रेवतावहिनींची चूल

मी, परसराम गोमाजी लांजेवार, वय त्रेपन्न, संस्कृतचा मास्तर, राहणार आंधळगाव, जिल्हा भंडारा, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आठ वर्षांपूर्वी ती कुठे गेली होती, ते कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. मी लग्न केले नाही, सबब पोटची संतती नाही. राहत्या घरातला माझा हिस्सा परसासह, माझे दिवंगत वडीलबंधू ईश्वर यांच्या पत्नी रेवताबाई यांना मिळावा. स्वयंपाकघर सर्वस्वी त्यांचे. तेथे कोणी हरकत घेऊ नये.

कलम दोन. धाकटा भाऊ धनीराम यास माझी सायकल व व्याकरणाचे सर्व ग्रंथ. ग्रंथ तो उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. सायकलीची घंटा वाजत नाही. त्याचा आवाज पुरेसा आहे.

कलम तीन. परसातले ठिपक्यांचे झाड मी कोणाला देत नाही, त्याची ओळख मात्र सर्वांना देतो. १९७५ साली चिखला खाणीवरच्या एका बंगल्यातून मी त्याची कांडी आणली आणि न्हाणीजवळ, धोप्याच्या म्हणजे अळूच्या शेजारी लावली. पुढच्या श्रावणात वहिनी पाने घेऊन दारात आल्या.

"भाऊजी, हे पान धोप्याचंच हाये ना? याच्यावर पांढरे ठिपके काहून हायेत?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "चित्रपत्र आहे ते. जात तीच. करा वड्या."

"एक डाव पाहून त घ्या जी."

"संस्कृत तुम्ही शिकलात की मी?"

वहिनींनी नेहमीप्रमाणे चिंच घालून वड्या केल्या. पहिली आमच्या आईने, गोदावरीबाईने, खाल्ली. जीभ सुजली, लाळ गळू लागली, चार दिवस आवाज फुटला नाही. दवाखान्यातून ती बरी होऊन आली, पण तोवर धनीराम दारात उभा राहून ओरडून चुकला होता, "हिनं सासूले जहर देल्लं!" वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत बसलो.

आई दोन वर्षांनी म्हातारपणाने गेली. तोवर तिने वहिनींच्या हातचे पाणीही घेतले नाही. आजही लग्नाकार्यात त्यांना भाजी चिरायला कोणी बोलावत नाही.

तर ओळख अशी. धोप्याला उभे खोड नसते. पाने जमिनीतल्या कंदातून निघतात. देठ पानाच्या पाठीला, कडेच्या बराच आत जोडलेला असतो. पानावर पाणी टाकले तर थेंब घरंगळतात. या झाडाला मात्र उसासारखे जाड हिरवे खोड असून त्यावर गळालेल्या पानांच्या गोल खुणा असतात. देठाचा तळ खोडाला वेढून असतो, आणि देठ पानाच्या बुडाशी, थेट कडेलाच लागतो. पान लांबट, टोकाला निमुळते. मधे मलईच्या रंगाचे ठिपके व पट्टे, कड हिरवी. नागपूरच्या एका जाणत्या गृहस्थांनी नाव सांगितले, डिफेनबेकिया. चीक तोंडात गेला की वाचा जाते. आईची चार दिवस गेली. माझी, एक घासही न खाता, आठ वर्षे.

चूक वहिनींची नव्हती. त्यांनी विचारले होते. मी पाहिले नाही.

कलम चार. हा मसुदा मी वहिनींना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुमी मेल्यावर वाचतीन का जी हे?"

"हो, रीत तशीच आहे."

"अन् तुमी पंचवीस वर्षं नाई मेले त? तवापर्यंत मी जहरवालीच राहू का?"

मी लेखणी पुन्हा हातात घेतली. सबब बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम तीन मात्र आजच, धनीराम व साक्षीदारांसमोर, मी स्वतःच्या तोंडाने वाचले आहे. त्यानंतर वहिनींनी धोप्याच्या वड्या केल्या. पाने मी तोडली, एकेक देठ तपासून. पहिली वडी मी खाल्ली. दुसरी धनीरामने बराच वेळ हातात धरली, आणि खाल्ली.

ठिकाण आंधळगाव, दिनांक १६ सप्टेंबर १९८४.

सही: परसराम गोमाजी लांजेवार

साक्षीदार:
१. कवडू गभणे, शेजारी. सही.
२. बुधराम शेंडे, तळ्याकाठी राहणारे. निशाणी डावा अंगठा. कागदावरचा वडीच्या तेलाचा डाग त्याच अंगठ्याचा आहे. खाडाखोड समजू नये.