घोड्यांच्या पाठी चोळणाऱ्या हौशीराम घारेची निरवानिरव

मी, हौशीराम बिन कोंडाजी घारे, वय अदमासे एकसष्ट, धंदा घोड्यांची मालिश, राहणार बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज वडगाव येथे अर्जनवीस गोविंदा शेलार यांच्यापुढे बसून हे मृत्युपत्र सांगत आहे व ते लिहीत आहेत. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टरांनी सांगितले. डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी नाही.

कलम १. लोणावळ्यास मुंबईच्या एका शेठजींची पागा होती. तेथे मी एकवीस वर्षे घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होतो. घोड्याला खरारा सगळेच करतात. कातडीखाली कुठे गाठ आहे, कुठे ऊब जास्त आहे, हे माझ्या बोटांना कळे. मैना नावाची घोडी डाव्या अंगाने दुखरी झाली. जीन चढवले की चावायला येई. जीन बदलून पाहिले, नाल बदलून पाहिले. मी आठ दिवस चोळले की बरी होई, शेठजी बसले की पुन्हा तेच. शेवटी मी म्हणालो, "सरकार, दुखणं घोडीचं न्हाई, तुमचं हाय. तुमी एका अंगावर भार टाकून बसता."

शेठजी रागावले नाहीत. सदरा काढून तिथेच बाकावर पालथे पडले. कमरेच्या वर सुपारीएवढी जुनी गाठ होती. ती महिन्याभराने सुटली आणि मैनेची पाठ आपोआप बरी झाली. तेव्हापासून खंडाळ्यापर्यंतचे स्वार माझ्याकडे येऊ लागले. मी घोडा आणि माणूस दोघांना चोळी.

मोटारी आल्यावर पागा मोडली. शेठजींनी मला मैना दिली आणि तिचे जीनही दिले. ते जीन, खरारा व करंजेलाची बरणी लोणावळे स्टेशनावर टांगा हाकणाऱ्या भिमाजी पडवळ यास द्यावी. टांग्याला जीन लागत नाही हे मला ठाऊक आहे. त्याने विकले तरी चालेल. माझ्याच्याने विकवले नाही. त्याचा घोडा म्हातारा आहे. चढावर प्रवाशांनी कितीही कुरकुर केली तरी भिमाजीने त्यांना खाली उतरवावे.

कलम २. बेडसे येथील राहते घर, मागचे परसू व पोस्टातील शिल्लक माझी पत्नी कस्तुराबाई, हल्ली मुक्काम सोमाटणे, भावाच्या घरी, हिला द्यावी. तिने बेडशात येऊन राहावे अशी अट नाही. तिने हे घर पाहिलेलेही नाही. पागेच्या कमाईतून मी ते मागाहून बांधले. तिच्यासाठी बांधले असे आता म्हणणे खोटे होईल, पण ओसरी दोन माणसांच्या बेताची ठेवली होती.

भाऊबंद विचारतील की तिला का, म्हणून सांगतो. सव्वीस वर्षांपूर्वी, भातलावणीच्या दिवसांत, आम्ही जुन्या घरात एकत्र असताना तिची पाठ धरली. चुलीपुढे बसली ती उठेना. मी वाटीत तेल कोमट केले. आई धोंडाबाई व धाकटा भाऊ दत्तोबा दारात आले. आई म्हणाली, "घोड्याचा हात बायकूला लावतोस व्हय? लाज हाय का न्हाई?" दत्तोबा हसला. "दादा बाईल्या झाला!"

मी वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेलो. ती भिंतीला धरून उठली आणि तशीच लावणीला गेली. पंचमीला माहेरी गेली ती परत आली नाही. तिने पाट लावला नाही. मीही दुसरी बायको केली नाही. पुढे स्वतंत्र राहिलो तेव्हा बोलायला मैना होती. तीही सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर कधी कधी चार चार दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. शेजारच्या अंबाजीने हाक मारली तर आवाज फुटायला वेळ लागे.

यंदा दिवाळीनंतर अंबाजी सोमाटण्याहून आला आणि म्हणाला, "कस्तुरावैनीला उठून बसाया बी व्हईना." मी तेल घेऊन गेलो. ती ओसरीवर घोंगडीवर पडली होती. केस सगळे पांढरे. मला तिने लगेच ओळखले.

"का आला?"

"पाठ बघाया."

"सव्वीस वर्सांनी?"

"व्हय."

ती भावाच्या सुनांसमोर कूस बदलून पालथी झाली. मी नऊ दिवस देवळात मुक्काम केला आणि रोज सकाळी जाऊन चोळले. पाठीत गाठी इतक्या, की कोणती जुनी, कोणती नवी ते माझ्या बोटांनाही कळेना. नवव्या दिवशी ती आपली आपण उठून बसली. म्हणाली, "घोड्याला बी असंच चोळता?"

"घोड्यावर आधी नुस्ता हात ठेवायचा. त्याला भ्या वाटू नये म्हणून."

"मग मला तवा का न्हाई ठेवला?"

मी वाटीतले उरलेले तेल बरणीत ओतले. तिने भाकरी बांधून दिली. राहा म्हणाली नाही, आणि चल म्हणायला मला तोंड नव्हते.

कलम ३. दत्तोबास तेलाची पितळी वाटी द्यावी. चार वर्षांपूर्वी त्याला उसण भरली तेव्हा तो ओरडत माझ्या दारी आला होता. मी याच वाटीतले तेल लावून त्याला सरळ केले. त्या दिवशी कोणी बाईल्या म्हणाले नाही. वडिलार्जित वाटणी पूर्वीच झाली असल्याने त्याने घरावर हक्क सांगू नये. अग्नी मात्र त्यानेच द्यावा. काही झाले तरी भाऊ आहे.

कलम ४. परसात उंबराखाली मैना पुरलेली आहे. तेथे नांगर घालू नये. कस्तुराबाईने भाजीपाला लावला तर माझी हरकत नाही.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून घेतले, माझ्या म्हणण्याबरहुकूम आहे.

मुक्काम वडगाव मावळ, मार्गशीर्ष शके १८६०, तारीख १२ डिसेंबर १९३८.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, हौशीराम बिन कोंडाजी घारे

साक्षीदार:
१. अंबाजी बिन बुधा दहिभाते, राहणार बेडसे
२. बजरंग बिन रावजी येवले, राहणार वडगाव

दस्तुर गोविंदा तुकाराम शेलार, अर्जनवीस

खाडाखोडीचा खुलासा: कलम २ मध्ये "माझी पत्नी" या शब्दांपूर्वी अर्जनवीसांनी रिवाजाप्रमाणे "मला सोडून गेलेली" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून, साक्षीदारांसमक्ष खोडले आहे. ती मला सोडून गेलेली नाही. पंचमीला माहेरी गेली होती. मी आणायला गेलो नाही.

खुलाशाखाली पुन्हा अंगठा, हौशीराम घारे